सतरा एक

अकराव्या एकाची शेपटी बाकीच्यांपेक्षा लांब होती. शरणम्मानं पर्समधून सहा इंची पट्टी काढली आणि मोजली. बाकीच्या शेपट्या अठरा मिलिमीटर, एखादी साडेसतरा, हिची एकवीस. तिथं छिन्नी घसरली असणार, आणि घसरलेलं झाकायला मलप्पा पाथरवटानं शेपटीला खालून हलकासा बाक दिला होता. काळ्या दगडावर एका ओळीत सतरा एक कोरलेले होते, आणि त्यातला हा एक इतरांपेक्षा जरा ऐटीत उभा आहे असं लांबून वाटत होतं.

“भरले का, बाई?” मलप्पानं विचारलं. त्याच्या भुवयांवर दगडाची भुकटी बसली होती.

“सतरा आहेत.”

“सर म्हणले होते, एक कमी न्हाई पायजे आन एक जास्ती न्हाई पायजे. मी रोज सकाळी मोजून राहिलो. परवा अठरा भरले. छातीत धस्स झालं. मंग कळलं, पहिलाच दोनदा मोजला.” तो हसला. “पर बाई, समजा एक कमी पडला असता, तर काय बिघडलं असतं?”

“सोळा एकांना अकरानं भाग जातो. अठरा एकांना तीननं.”

“आन सतराला?”

एकांच्या खालच्या ओळींवर ओला बारदाना टाकलेला होता. शरणम्मानं तो एका कोपऱ्याला धरून बाजूला केला.

‘१७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिदिनाची ही सतरा एकांची संख्या. हिला कोणत्याही संख्येने भाग जात नाही. तसाच आपला मराठवाडा.’

वाक्य दोन जागी चुकलं होतं. एकानं आणि स्वतःनं प्रत्येक संख्येला भाग जातो, हे दगडावर लिहिणाऱ्यानं सोडून दिलं होतं. पण ती चूक शाळकरी होती, माफ करण्यासारखी. दुसरी तशी नव्हती. आणि तिसरी तिच्या अजून लक्षातच आली नव्हती, कारण ती बारदान्याच्या घडीखाली होती. तिनं घडी उचलली.

‘पडताळणी : शरणम्मा गुरुबसप्पा खानापुरे, एम.एस्सी. गणित.’

अक्षरं सुबक होती. ‘ड’ तर फारच छान उतरला होता. शरणम्मानं पट्टी पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

“हे कुणी सांगितलं?”

“कुणी म्हंजे? सरांनी कागद दिला. जसा दिला तसा उतरवला.”

“ही ओळ काढून टाका.”

“काढून?” मलप्पा दोन पावलं मागं सरला, जणू ती दगडालाच हात घालणार होती. “दगडात गेलेलं काढायचं म्हंजे अर्धा इंच दगड खाली घ्यावा लागंल. मंग वरचे एक उंच दिसतील आन तुमचं नाव खड्ड्यात. सरांचा निरोप आना, मी काढतो. पर नावात वाईट काय हाय, बाई? मानाचं काम हाय.”

“मी पडताळणी केलेली नाही.”

“मंग करा की. चार दिवस हायेत.” मलप्पानं बारदाना पुन्हा दगडावर ओढला. “एक गंमत सांगू? महिन्यामागं उस्मानाबादला भाग गेला आन आपला जिल्हा निघाला. आन आपुन दगडावर लिहून राहिलो, भाग जात न्हाई म्हणून.” तो स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसला.

शरणम्माला हसू आलं नाही. ती खोटं बोलली होती. पडताळणी तिनं केली होती. नऊ वर्षांपूर्वी, जवळपास पाच हजार भागाकार करून, आणि उत्तर उलटं आलं होतं.

*

लातूरच्या मुलींच्या शाळेत सतरा एकांची रीत हणमंतराव सरांनी सुरू केली होती. मुक्तिदिनाला झेंडावंदन झालं की सतरा मुली ओळीनं उभ्या राहायच्या, प्रत्येकीच्या हातात पाटी, प्रत्येक पाटीवर एक. सर कर्णा तोंडाशी धरून विचारायचे, “आहे का कुणी हिला भाग लावणारं?” आणि सगळं मैदान ओरडायचं, “न्हाई!” कुणी भाग लावलाच तर सर आपली सायकल देणार होते. दरवर्षी दहा-वीस मुली महिनाभर वह्या भरून भागाकार करायच्या. सायकल सरांकडेच राहिली.

सरांनी स्वतः एक ते हजारांमधल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून बघितलं होतं. एकीनंही भाग गेला नव्हता. शिवाय सतरा हा आकडा स्वतः मूळ, तेव्हा सतरा एकही मूळ असणार, असं त्यांचं म्हणणं. शरणम्मा आठवीत असताना तिला ते फार सुंदर वाटलं होतं. तीन ही मूळ संख्या आहे आणि तीन एक, म्हणजे एकशे अकरा, हे तीन गुणिले सदतीस होतात, ही गोष्ट तिला नववीत सुचली. तिनं ती सरांना सांगितली. सर म्हणाले, “लहान संख्यांचं वेगळं असतं.”

त्याच सरांनी तिला शिकवलं होतं. मॅट्रिकनंतर वडील, गुरुबसप्पा, तिचं लग्न ठरवायला निघाले तेव्हा सर गंजात, धान्याच्या बाजारात, त्यांच्या दुकानासमोर जाऊन ज्वारीच्या पोत्यावर बसले. तीन दिवस. गिऱ्हाईक आलं की सर त्यालाच सांगायचे, “यांची पोरगी गणितात पहिली आहे, आणि हे तिला भाकऱ्या थापायला पाठवतायत.” चौथ्या दिवशी वडील वैतागून म्हणाले, “घेऊन जा तिला नांदेडला, पण माझ्या पोत्यावरून उठा.” अशी ती नांदेडच्या कॉलेजात गेली, बी.एस्सी.ला, आणि पुढं एम.एस्सी.पर्यंत शिकली. तिथं तिच्या बाकावर वहिदा होती. नांदेडच्याच इतवारा मोहल्ल्यातल्या निजामोद्दीन बाइंडरची मुलगी, बोलायला तिखट आणि आकडेमोडीत शरणम्माहून जलद.

सतरा एकांचं ऐकून वहिदा म्हणाली होती, “तुझे सर एक हजारावर थांबले? या संख्येचं वर्गमूळ दहा कोटींच्या पुढं आहे. समुद्रातून लोटाभर पाणी घेतलं आणि म्हणाले, मासे नाहीत.”

पुढं वहिदानंच दोन गोष्टी सिद्ध केल्या. या संख्येचा विभाजक असलाच, तर त्यातून एक वजा केल्यावर चौतीसनं भाग जायलाच हवा. आणि त्याला चाळीसनं भागल्यावर उरणारी बाकी ठरावीक आठांपैकीच एक असायला हवी. म्हणजे सरांच्या एकशे अडुसष्टांपैकी फक्त सहा तपासण्याची गरज होती. बाकीचे भागाकार सरांनी उगाच केले होते.

मग बहात्तर साल आलं. शरणम्मा लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत लागली होती, वहिदा नांदेडात. दुष्काळानं शाळा अर्ध्या ओस पडल्या. मुलं आईबापांच्या मागं खडी फोडायला गेली. दुपारच्या दुपार विहिरीवर रांगेत जायच्या, कारण आडातलं पाणी झिरपून घागरभर व्हायला अर्धा तास लागायचा. वहिदा नांदेडहून दर आठवड्याला विभाजकांची यादी पोस्टानं पाठवायची, अर्धी स्वतःला, अर्धी शरणम्माला. शरणम्मा रांगेत घागर पायाशी ठेवून जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर भागाकार करायची.

“कोणाला वाटून राहिलीस गं एवढं?” धुरपताबाई नावाची म्हातारी रोज विचारायची.

“कुणालाच नाही, मावशी. वाटताच येईना.”

“मंग आमालाच दे की. पाणी तर न्हाई, आकडं तरी.”

चौदा महिने. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात, शेवटच्या आठवड्यात, एका भागाकाराची बाकी शून्य आली. शरणम्माला वाटलं, उन्हानं चूक झाली. तिनं दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा केला. मग भाजक आणि भागाकार यांचे फक्त शेवटचे तीन-तीन आकडे घेऊन गुणले: सातशे तेवीस गुणिले तीनशे सत्तावन्न. दोन लाख अठ्ठावन्न हजार एकशे अकरा. शेवटी तीन एक उभे. ती रांग सोडून पोस्टात गेली आणि तार लिहून दिली : ‘बाकी शून्य’. पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि हळूच विचारलं, “घरातलं कोणी गेलं का, बाई?”

वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. गुणिले पाच अब्ज छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न. हा काही जगाला नवा शोध नव्हता. युरोपात गेल्या शतकातच कुणीतरी हे काढून ठेवलं होतं. वहिदाला ते पुढं एका जाड पुस्तकात सापडलं आणि ती दोन दिवस जेवली नाही. पण त्यामुळं उत्तर आणखी पक्कं झालं होतं, इतकंच.

शरणम्मा कागद घेऊन लातूरला सरांकडे गेली. सर तेव्हा दुष्काळी कामांवर हिंडत होते. सतरा पोरं आणि सतरा पाट्या घेऊन. खडी फोडणाऱ्या माणसांसमोर पोरं उभी करायचे आणि विचारायचे, “आहे का कुणी भाग लावणारं?” माणसं हातोडे थांबवून ओरडायची, “न्हाई!” आणि सर त्यांच्याकडून वचन घ्यायचे की मुली शाळेतून काढणार नाही.

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. “मी बघतो,” म्हणाले. मग म्हणाले, “आत्ता नको, शरणा. लोक दगड फोडतायत. पाऊस पडू दे.”

पाऊस पडला. सर म्हणाले, पिकं येऊ दे. मग शाळेची नवी इमारत. मग सरांची निवृत्ती, मग संस्थेचं अध्यक्षपद. एकदा ते म्हणाले, “आणि कागदावर दोन नावं आहेत. निजामाच्या राज्यातून सुटल्याचा दिवस, आणि ती संख्या कुणी फोडली, तर वहिदानं. लोक काय म्हणतील, विचार केलास?” शरणम्मानं विचार केला. विचारच करत राहिली. सरांच्याच शाळेत ती गणिताची प्रमुख झाली, आणि दर सतरा सप्टेंबरला मैदान ओरडायचं तेव्हा ओठ मिटून उभी राहायची. तिला वाटायचं, मिटलेले ओठ म्हणजे खोटं नव्हे.

आता ओठ मिटायची सोय राहिली नव्हती. नाव दगडात गेलं होतं.

*

मलप्पाकडून ती घरी गेलीच नाही. शाळेत रजेचा अर्ज टाकून थेट स्टँडवर गेली आणि नांदेडची एसटी धरली. अहमदपूरला गाडी अर्धा तास थांबली. शेजारच्या बाईनं गुडदाणी पुढं केली. शरणम्मानं ती घेतली आणि हातात धरूनच बसली. लोह्यापर्यंत तिच्या मुठीत गुळाचा पाक झाला होता.

इतवाऱ्यात खाली बाइंडिंगचं दुकान, वर घर. निजामोद्दीनचाचा खळीच्या भांड्यात बोटं बुडवून बसले होते. त्यांनी मान वर केली, ओळखलं, आणि जिन्याकडे बोट दाखवलं. “जा. गुस्से में है, आजपास्नं नाही, नऊ सालपास्नं.”

वहिदा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मध्ये एकदाही बोलली नाही. एवढं न बोलणं तिला शोभत नव्हतं.

“दगडावर,” शेवटी ती म्हणाली. “तुझं नाव.”

“हो.”

“आणि माझं?”

“नाही.”

“शुकर आहे.” ती आत वळली. “बस. पाणी पी. मग निघ.”

“वहिदा, सरांनी तो गुणाकार कधी करूनच बघितला नसेल. केला असता तर ते असं—”

“चुप.” वहिदा गर्रकन वळली. “नऊ साल तू हेच म्हणून राहिली. गुणाकार केला असता तर. अगं, एक गुणाकार! सातवीची पोरगी पाव घंट्यात करते. आपण पाच हजार भागाकार केले, त्यांना एक गुणाकार होईना? आणि तुला त्यांच्या हातात पेन्सिल देता येईना? मी पत्रात काय लिहिलं होतं तुला?”

शरणम्माला ते पाठ होतं. आपण दोघींनी ती संख्या फोडली, आणि तू गप्प बसून एकटीनं परत जोडलीस.

“तुझ्या नावावरून लोक बोलले असते,” शरणम्मा म्हणाली. “सर म्हणाले होते.”

“हे मला तू आज सांगते?”

वहिदा हळू आवाजात बोलली की जास्त भीती वाटायची.

“माझ्या नावाची काळजी माझ्या सरांनी नाही केली, तुझ्या सरांनी केली. आणि तू ती मान्य केली. मला न विचारता. वा! मी इथं नऊ साल समजून राहिले की माझी मैत्रीण भित्री आहे. भित्री चालते. ही तर शहाणी निघाली.”

शरणम्मानं मान खाली घातली नाही. खाली घालणं सोपं होतं, म्हणून घातली नाही. “चुकलं,” ती म्हणाली.

वहिदा आतल्या खोलीत गेली. पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात लाल कापडी पुठ्ठ्याची जाड वही होती. मुरुडहून गेलेले प्रश्नपत्रिकांचे कागद आणि नांदेडच्या वह्या, सगळं एकत्र शिवलेलं. पाठीवरची जागा कोरी होती.

“अब्बांनी विचारलं होतं, सोनेरी अक्षरांत काय घालू? मी म्हटलं, थांबा, शरू बोलली की घालू. नऊ साल थांबले ते.” तिनं वही शरणम्माच्या मांडीवर टाकली. वजनदार होती, मांडीला लागली. “घेऊन जा.”

“तू येतेस?”

“कशाला? तुझ्या पदराला धरायला?”

“बोलले तर तुझं नाव घेऊ की नको?”

वहिदानं खिडकीबाहेर बघितलं. खाली चाचांची कातर कागदाचा गठ्ठा कापत होती, खच्च, खच्च.

“घ्यायचं तर सगळं घे,” ती म्हणाली. “अर्धं नको. लोक काय म्हणायचं ते म्हणतील, त्यांना मी पुरून उरते. आणि नाही बोललीस तर ती वही नदीत टाक. मला परत आणून देऊ नको.”

*

हणमंतराव सर ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता, म्हणून कुणी आलं की ते मान जरा डावीकडे वळवून उजव्या डोळ्यानं बघत. सहासष्टावं वर्ष. उद्याचा फेटा शेजारी स्टुलावर बांधून ठेवलेला.

“ये, शरणा. दगड बघितलास? मलप्पा म्हणाला, तुला नाव आवडलं नाही.”

शरणम्मानं लाल वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. तिच्यावर कोरा कागद. कागदावर पेन्सिल.

“सर, हा गुणाकार करा.”

“हे काय?”

“वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस गुणिले—”

“पाच अब्ज छत्तीस कोटी,” सर म्हणाले, “बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न.”

ओसरीच्या पत्र्यावर एक चिमणी टकटक चालत होती. शरणम्माला तेवढंच ऐकू येत राहिलं.

सरांनी स्टुलावर फेट्याशेजारी ठेवलेलं जुनं पंचांग उघडलं. त्यात चार घड्या घातलेला कागद होता. पिवळा पडलेला. त्यांनी तो उलगडून तिच्यासमोर धरला. त्यांचंच अक्षर, तेच सुवाच्य, आठवीत तिनं ज्याची नक्कल करून आपलं अक्षर सुधारलं होतं ते. सात ओळींचा गुणाकार, एकाखाली एक, एकही खाडाखोड नाही. खाली रेघ. रेघेखाली सतरा एक. बाजूला लाल शाईत बरोबरची खूण, आणि तारीख, जून त्र्याहत्तर.

“तू दिलास त्याच दिवशी केला होता,” सर म्हणाले. “उत्तम काम होतं. मी तुला कधी बोललो नाही, पण त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.”

नऊ वर्षं तिनं त्यांच्यासाठी एक सबब जपली होती. त्यांनी बघितलंच नाही, ही. ती सबब तिनं वहिदासमोर धरली होती, स्वतःसमोर धरली होती, रोज फळ्यासमोर उभी राहताना धरली होती. ती किती जड होती, हे आता हातातून सुटल्यावर कळलं. त्या जागी जे आलं ते दुःख नव्हतं. तो राग होता.

“तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत असणं आणि बोलणं वेगळं, शरणा. त्या ओळीवर मी शंभर मुली शाळेत ठेवल्या. बापांना मी काय सांगणार होतो, की मराठवाड्याला वीस लाख एकाहत्तर हजारनं भाग जातो?”

“बापांना सांगायचं होतं की तुमच्यासारख्याच घरातल्या दोन मुलींनी हा भाग लावला. घागरीच्या रांगेत उभं राहून. यापेक्षा मोठं कारण काय पाहिजे होतं मुली शाळेत ठेवायला?”

हे सरांच्या मनात कधी आलंच नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. एक क्षण तिला वाटलं, आता ते हो म्हणतील. त्यांनी मान डावीकडे वळवून तिच्याकडे नीट बघितलं.

“आता फार उशीर झाला,” ते म्हणाले.

“मग माझं नाव का घातलंत? स्वतःचं का नाही?”

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

“माझं कसं घालू? मी हयातीत खोट्या गोष्टीखाली सही केलेली नाही. हातच धजला नाही.” त्यांनी पिवळा कागद परत चार घड्या करून पंचांगात ठेवला. “म्हटलं, तू समजून घेशील. तू माझी आहेस.”

शरणम्मानं वही उचलली. पेन्सिल गडगडत ओसरीच्या कडेला गेली आणि खाली पडली. तिनं ती उचलली नाही. नमस्कार केल्याशिवाय त्या घरातून ती आयुष्यात पहिल्यांदाच बाहेर पडली.

*

सतरा सप्टेंबरला मैदान भरलं होतं. नव्या जिल्ह्यातला पहिला मुक्तिदिन. नवे अधिकारी आले होते, पांढऱ्या कापडाखाली दगड होता, आणि व्यासपीठासमोर सतरा मुली पाट्या छातीशी धरून उभ्या होत्या. उन्हात पाट्या चमकत होत्या. अकराव्या जागी कमलम्मा नावाची नववीतली मुलगी होती, सगळ्यांत उंच, म्हणून ओळ तिथं जरा वर उचलल्यासारखी दिसत होती. शरणम्माला अकराव्या एकाची शेपटी आठवली.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे आधी सरांचा प्रश्न, मग मैदानाचं उत्तर, मग शरणम्माचं पडताळणीचं वाचन, मग अनावरण. वाचनाचा मजकूर सरांनी टंकलिखित करून पाठवला होता. तो तिनं लाल वहीत घातला होता. लाल वही तिच्या हातात होती, आणि हात माइकपासून वीतभर अंतरावर.

मलप्पा धुतलेलं धोतर नेसून दगडाशेजारी उभा होता. तिच्याकडे बघून त्यानं एक बोट वर केलं, भुवया उंचावल्या. भरले का, असं विचारत होता.

सर उठले. फेटा नीट केला. आता कर्ण्याऐवजी दुसरा माइक होता, पण त्यांनी तो कर्ण्यासारखाच दोन्ही हातांनी धरला. आवाज पासष्टी उलटलेल्याचा वाटत नव्हता.

“तेहतीस वर्षं झाली,” ते म्हणाले, “मी या मैदानाला एक प्रश्न विचारतोय. आज नव्या जिल्ह्याला विचारतो. आहे का कुणी, हिला भाग लावणारं?”

हजार माणसांनी श्वास आत घेतला. ‘न्हाई’ म्हणायला जेवढा लागतो तेवढा. तो श्वास आत जायला आणि शब्द बाहेर यायला मध्ये जेमतेम एक सेकंद असतो, हे शरणम्माला वर्षानुवर्षं तिथं उभं राहून माहीत होतं. तिनं माइक जवळ ओढला.

“आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज कर्ण्यांतून मैदानाच्या चारी कोपऱ्यांत गेला आणि परत आला. “मी आहे. आणि नांदेडची वहिदा निजामोद्दीन. आम्ही दोघींनी त्र्याहत्तर साली भाग लावला. भाग जातो. या दगडावरचं माझं नाव खोटं आहे, आणि मी हे वाचणार नाही. मुलींनो, पाट्या पुसा. गुणाकार लिहून घ्या.”